ग्रीक नाटकातल्या मुखवट्यांच्या तोंडात खरंच भोंगा असायचा का?

तिसरी_घंटा

नमस्कार. गेली तीन वर्षं इथं नुसती वाचत बसते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपनं यंदा एकांकिका स्पर्धेसाठी युरिपिडीस या ग्रीक नाटककाराचं 'बाक्खाय' घेतलंय. गोष्ट थोडक्यात अशी: थीब्जचा तरणा राजा पेन्थेउस डायोनिससला देव मानायला तयार नाही. देव माणसाच्या रूपात गावात येतो, गावातल्या बायका त्याच्या नादानं डोंगरावर निघून जातात, त्यांत राजाची आईही असते. शेवटी तीच आई, आगावे, वेडाच्या भरात पोटच्या पोराला सिंह समजून नुसत्या हातांनी फाडते आणि त्याचं डोकं मिरवत घरी येते. आगावे मी करतेय.

आता भांडणाचा मुद्दा. आमचे दिग्दर्शक म्हणतात की ग्रीक लोक मुखवटा घालत ते मुळात आवाज मोठा करायला. तोंडाच्या आत भोंगा बसवलेला असे, म्हणून पंधरा हजार माणसांना ऐकू जाई. त्यामुळे आम्ही कागदाच्या लगद्याचे मुखवटे करून त्यांच्या तोंडांत चक्क रॉकेलची नरसाळी बसवलीत. परवाच्या तालमीत तो अवतार घालून उभी राहिले. घाम, अंधार, आणि माझाच आवाज माझ्याच कानात. तिसऱ्या रांगेत बसलेली मैत्रीण म्हणाली, "रांजणात पडलेली बाई ओरडतेय असं वाटतं." 'सिंह' म्हटलं की तिला 'हिंव' ऐकू येत होतं.

तर भोंगा खरंच असायचा का? नसेल, तर मुखवटे कशासाठी घालायचे? आणि ज्यात श्वास घेता येईल असा मुखवटा करतात कसा? सात मुखवटे करायचेत आणि हातात दोन हजार रुपये आहेत, त्यातले चारशे नरसाळ्यांत गेले.

आगाऊ_कार्टं

नरसाळी टाकू नका, दिवाळीत पणत्यांत तेल ओतायला होतील.

बाकी हे भोंग्याचं मीही कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. 'पर्सन', 'पर्सनॅलिटी' हे शब्द म्हणे त्यावरूनच आले, मुखवट्यातून 'आरपार घुमणारा आवाज' वगैरे. जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बंदरावरचा

तिसरी घंटा, तुझ्या दिग्दर्शकांना एकट्यांना बोल लावू नकोस. ही भोंग्याची गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे, आणि कार्ट्यानं तिची शेपटी बरोबर पकडलीय.

दुसऱ्या शतकात औलुस गेलिउस नावाचा एक रोमन गृहस्थ होता. वाचलेलं, ऐकलेलं सगळं वहीत टिपून ठेवायची खोड. त्यानं एका जुन्या व्याकरणकाराचं म्हणणं टिपून ठेवलं की मुखवट्याला लॅटिनमध्ये 'पेर्सोना' म्हणतात ते 'पेर-सोनारे' म्हणजे 'आरपार घुमणे' यावरून. डोकं सगळीकडून बंद, आवाजाला तोंडाची एकच वाट, म्हणून तो मोकळा आणि घुमारेदार निघतो. गेलिउस या व्युत्पत्तीवर बेहद्द खूश झाला. पण 'पेर्सोना'तला 'ओ' दीर्घ आहे आणि 'सोनारे'तला ऱ्हस्व. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' एकाच धातूतून निघाले म्हणण्यातला प्रकार. इटलीत तार्क्विनियाला इ. स. पू. सहाव्या शतकातलं एक एत्रुस्कन (रोमनांचे जुने शेजारी) थडगं आहे, त्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेला एक माणूस रंगवलाय आणि शेजारी शब्द लिहिलाय 'फेर्सु'. लॅटिन शब्द तिथून आला असावा, असं आता बरेच भाषाभ्यासक मानतात.

आणि मुळात हे सगळं लॅटिनचं झालं. तुझं नाटक अथेन्सचं. तिथं मुखवट्याला शब्द होता 'प्रोसोपोन', आणि त्याचा साधा अर्थ 'चेहरा'. हात-पाय-चेहरा मधला चेहरा. मुखवट्यासाठी वेगळा शब्द त्या काळात त्यांना लागतच नव्हता. हे लक्षात ठेव, खाली पुन्हा लागणार आहे.

माझा यात काय संबंध, तर मी जहाजावर इंजिनीअर होतो. नाटकाचा गंध नाही. एकदा आमचं जहाज अथेन्सच्या बंदराशी, पिरेउसजवळ पेरामाला दुरुस्तीला लागलं. एका पंपाचा सुटा भाग येईना, अकरा दिवस लटकलो. रविवारी बाकीचे लोक बिअर प्यायला गेले, माझं पोट बिघडलेलं, म्हणून मी आपला पिरेउसच्या म्युझियममध्ये शिरलो, एसी असेल या आशेनं. तिथं ब्राँझचा एक मुखवटा आहे. १९५९ साली तिथलाच एक रस्ता खणताना अपोलो, अथेना वगैरेंच्या पुतळ्यांबरोबर निघाला. इ. स. पू. चौथ्या शतकातला. माणसाच्या डोक्याहून मोठा, दाढीच्या बटा, कपाळावर केसांचा उंच डोलारा, तोंड उघडं. रडतोय म्हणावं तर तसा नाही, ओरडतोय म्हणावं तर तसाही नाही. एखाद्याला नुकतीच बातमी सांगितली आहे आणि ती त्याच्या डोक्यात अजून शिरायची आहे, तसा. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिलो की रखवालदार बाई येऊन बघून गेली. आम्हा इंजिनवाल्यांना कुठलीही वस्तू बघितली की ती चालते कशी हे आधी बघायची सवय. मी वाकून त्याच्या तोंडाच्या आत बघितलं. आत काही नाही. नुसतं भोक.

अर्थात तो घालायचा नव्हेच, ब्राँझ डोक्यावर घेऊन कोण नाचणार. घालायचे मुखवटे तागाच्या कापडाचे. चिंध्यांचे थर साच्यावर खळीनं चिकटवायचे, वर पांढरा लेप, मग रंग, मग केस. पूर्ण डोक्यावर टोपरं चढवावं तसे चढवायचे, पुढून चेहरा आणि मागून विग एकातच. ते एकही शिल्लक नाहीत. प्रयोग झाला की ते देवळात डायोनिससला वाहत, आणि कापड ते किती टिकणार. आपल्याला दिसतात त्या त्यांच्या मातीच्या, दगडाच्या, ब्राँझच्या प्रतिकृती, आणि मडक्यांवरची चित्रं.

चित्रं मात्र बघण्यासारखी आहेत. बॉस्टनच्या म्युझियममध्ये इ. स. पू. ४४०-४३० च्या आसपासचं एक मडकं आहे, त्यावर कोरसमधले, म्हणजे घोळक्यानं गाणाऱ्या-नाचणाऱ्यांपैकी, दोन गडी बायकांच्या वेषात तयार होताहेत. एकाचं सगळं आवरलंय, दुसरा पायात बूट ओढतोय आणि त्याचा मुखवटा समोर जमिनीवर पडलाय. त्या मुखवट्याचा चेहरा अगदी साधा, शांत, ओठ जरासे विलग. एवढंच. ते आ वासलेलं तोंड, कपाळावरचा डोलारा, पायाखाली वीतभर उंच तळवे हा सगळा थाट पुढच्या काळात वाढत गेला आणि रोमन काळात त्यानं कळस गाठला. नाट्यगृहांच्या दारांवर हसरा-रडका जोड असतो, तो त्या थाटाचा नातू. युरिपिडीसनं तो बघितलेला नाही.

नेपल्समध्ये दुसरं एक मोठं थोरलं भांडं आहे, इ. स. पू. ४०० च्या सुमाराचं, म्हणजे तुझ्या 'बाक्खाय'च्या प्रयोगानंतर फार तर पाच-सात वर्षांचं. इटलीत रुवो या गावी सापडलं. त्यावर अख्खी नाटक कंपनी आहे. वर डायोनिसस स्वतः कोचावर रेललाय आणि खाली नट मंडळी आपापले मुखवटे हातात घेऊन गप्पा छाटत उभी आहेत. कुणी बोटाला लटकवलाय, कुणी मुखवट्याकडेच टक लावून बघतोय. सगळ्यांचे स्वतःचे चेहरे तरुण, शांत, थोडे कंटाळलेले. फक्त एकानं मुखवटा चढवलाय, आणि त्या सबंध घोळक्यात तो एकटाच नाचतोय. मधोमध प्रोनोमोस नावाचा नामांकित वादक जोडपावा घेऊन बसलाय, त्याला मुखवटा नाही. पावा तोंडात असल्यावर मुखवटा कुठं घालणार. मी त्या काचेच्या कपाटाला तीन प्रदक्षिणा घातल्या.

आता तुझा दुसरा प्रश्न, कशासाठी. पहिलं कारण अगदी हिशेबाचं. अथेन्समध्ये शोकांतिकेला बोलणारे नट तीन. एस्किलसनं दुसरा आणला, सोफोक्लीसनं तिसरा, असं अरिस्टॉटल सांगतो, आणि गाडी तिथंच थांबली. तिघे पुरुष, आणि त्यांनीच राजा, म्हातारा, राणी, देव, निरोप्या सगळं करायचं. कोरसमध्ये पंधरा जण, ते सगळे एकसारखे दिसायला हवेत. मेकअप पुसून दुसरा चढवायला वेळ लागतो. मुखवटा उतरवून दुसरा घालायला, मी घरी घड्याळ लावून बघितलंय, सात सेकंद.

'बाक्खाय'मध्ये पेन्थेउस आत जातो तो पुन्हा जिवंत येत नाही. मग निरोप्या येऊन त्याच्या मरणाची हकिगत सांगतो, मग आगावे येते. पेन्थेउस आणि आगावे हे दोघं रंगभूमीवर कधीच एकत्र दिसत नाहीत. त्यामुळे दोन्ही भूमिका एकच नट करत असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोरगा मेला की त्याचा मुखवटा उतरवायचा, आईचा चढवायचा. आणि मग आई पोराचं डोकं हातात घेऊन येते. ते डोकं म्हणजे काय असेल, सांग बरं? आत्ताच उतरवलेला मुखवटा.

आता तो शब्द आठव. वडील कॅडमस तिला हळूहळू शुद्धीवर आणतो. आधी वर आभाळाकडे बघायला लावतो, तुझं लग्न कुणाशी झालं विचारतो, मुलाचं नाव काय विचारतो. आणि मग विचारतो, "मग तुझ्या हातांत प्रोसोपोन कुणाचं आहे?" कुणाचा चेहरा. कुणाचा मुखवटा. ग्रीकमध्ये दोन्ही एकच. ती म्हणते, "सिंहाचं, शिकारीला आलेल्या बायका तरी तसंच म्हणत होत्या." कुठल्याही भाषांतरात यातला अर्धा भाग सांडतोच. तुमच्या संहितेत या जागी 'डोकं' किंवा 'मस्तक' असेल, तर आधी ते बदलून 'चेहरा' कर.

नरसाळं काढ. नरसाळं असलेलं डोकं मांडीवर घेऊन तुला रडता येणार नाही.

डेसिबल_दादा

मी नाट्यगृहात साउंड बघतो, त्यामुळे थोडं माझ्या बाजूनं.

भोंगा आवाज वाढवतो हे खरं, पण तो समोर एका अरुंद पट्ट्यात वाढवतो. ग्रीक प्रेक्षागृह नटाच्या तीन बाजूंनी पसरलेलं. नट समोर बघून बोलला तर बाजूवाल्यांच्या वाट्याला काय? दुसरं, लहान नरसाळ्याचा काही उपयोग होत नाही, ते फक्त काही ठरावीक सूर फुगवतं आणि स, श, त, थ यांची वाट लावतं. वाक्य कळतं ते या व्यंजनांवर. तुमचं 'सिंह'चं 'हिंव' झालं ते याचमुळे. वर बंद मुखवटा म्हणजे तोंडासमोर माठ बांधलेला. तोंडाचं भोक मोठं ठेवा, मुखवटा ओठांपासून बोटभर लांब राहू द्या, आतून कपडा लावा. कपडा घुमणं खातो.

ग्रीक लोकांचं ध्वनिशास्त्र मुखवट्यात नव्हतं, जागेत होतं. उतारावर चढत जाणाऱ्या पायऱ्या, समोर टणक सपाट अंगण, मागे इमारतीची भिंत. ग्रीसमधल्या एपिडाउरोसच्या जुन्या थिएटरवर २००७ साली जॉर्जिया टेकच्या लोकांनी गणित मांडलं की दगडी पायऱ्यांच्या रांगा ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज दाबतात, म्हणजे वारा, झाडं, प्रेक्षकांची कुजबुज खाली बसते आणि नटाचा आवाज वर राहतो. पण तिथले गाइड सांगतात की मधोमध नाणं टाकलं तर शेवटच्या रांगेत ऐकू येतं, त्याचा फुगा २०१७ साली नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनवाल्यांनी मोजमाप करून फोडला. काहीतरी पडलं एवढं वरपर्यंत कळतं, पण ते नाणं आहे हे निम्म्या वाटेपर्यंतच. कुजबूज फक्त पुढच्या रांगांना. शेवटपर्यंत शब्द पोचवायचा तर नटानं छातीतूनच बोलायला हवं.

आणखी एक. एपिडाउरोस इ. स. पू. चौथ्या शतकातलं. युरिपिडीसची नाटकं अथेन्सला अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर झाली तेव्हा तिथं लाकडी बाकं होती. दगडी बांधकाम नंतरचं. पंधरा हजार हा आकडाही त्या नंतरच्या थिएटरचा. पाचव्या शतकात सहा-सात हजार माणसं असतील, असं आता म्हणतात.

विंगेतला_बाळू

सगळं वाचलं, छान आहे, पण एक स्पष्ट बोलतो. चेहरा झाकला की नटाचं अर्धं शस्त्र गेलं. डोळे नाहीत, भुवई नाही, ओठांचा कंप नाही. मग उरलं काय? नुसतं पाठांतर. स्पर्धेत परीक्षक दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसतात, त्यांना चेहरा दिसायला हवा. पोरांनो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अडचणी आपण कशाला उरावर घ्यायच्या?

आगाऊ_कार्टं

बाळूकाकांशी सहमत. शिवाय माझा एक प्रश्न: खऱ्या माणसांचे मुखवटे करायचे का हे लोक? म्हणजे पुढाऱ्यांचे वगैरे? आपल्याकडे मोर्चात घालतात तसे?

बंदरावरचा

कार्ट्या, करायचे. विनोदी नाटकांत. अॅरिस्टोफेनीसनं इ. स. पू. ४२४ मध्ये क्लेओन नावाच्या बड्या पुढाऱ्यावर सबंध नाटक लिहिलं. त्यात एक गुलाम प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतो की घाबरू नका, चेहरा त्याच्यासारखा नाहीये, मुखवटे करणाऱ्यांपैकी एकाचीही तसा करायची छाती झाली नाही, पण तुम्ही शहाणे आहात, ओळखालच. पुढच्या वर्षी त्यानं सॉक्रेटिसला धरलं. गोष्ट अशी सांगतात की प्रेक्षकांतले परगावचे लोक विचारायला लागले, हा सॉक्रेटिस कोण, तर खरा सॉक्रेटिस आपल्या जागेवर उठून उभा राहिला आणि नाटक संपेपर्यंत तसाच उभा होता. घ्या, बघा, जुळवा. ही गोष्ट पाचशेहून अधिक वर्षांनंतरच्या एका लेखकानं लिहिलीय, तेव्हा मिठाच्या खड्यासकट घे. मला मात्र ती खरी वाटते, तो माणूस तसलाच होता.

बाळूराव, तुमचं म्हणणं मला समजतं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण नट तिथं आवाजावर आणि अंगावर तोलला जाई, चेहऱ्यावर नव्हे. इ. स. पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्याच एका नाटकात हेगेलोखोस नावाच्या नटाला म्हणायचं होतं, 'लाटांनंतर मला पुन्हा शांत समुद्र दिसतो.' त्याचा एका स्वराचा हेल चुकला आणि 'शांत समुद्र'चं झालं मुंगसासारखं एक जनावर. 'लाटांनंतर मला पुन्हा मुंगूस दिसतं.' तीन वर्षांनी अॅरिस्टोफेनीस अजून त्यावर हशा वसूल करत होता. उघड्यावर बसलेल्या एवढ्या हजारांना एका स्वराचा हेल कळला, यावरून त्यांचे कान कसे होते बघा. त्यांच्यासमोर नरसाळ्यातून बोलून बघा म्हणावं.

आणि चेहरा नाही म्हणून आत काहीच घडत नसे असं नाही. एका शतकानं पुढचा पोलोस नावाचा नट, त्या काळचा सगळ्यांत नावाजलेला. सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा'त तिच्या हातात एक कलश येतो, आत भावाची राख आहे असं समजून ती रडते. पोलोसचा मुलगा नुकताच वारला होता. त्यानं थडग्यातून मुलाच्या अस्थींचा कलश काढून आणला आणि तोच हातात घेऊन इलेक्ट्राचं रडणं रडला. ही हकिगत कुणी लिहून ठेवलीय माहीत आहे? त्याच आपल्या गेलिउसनं, भोंग्यावाल्यानं. त्या दिवशी प्रेक्षकांना पोलोसचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता एका मुलीचा रंगवलेला चेहरा, जो त्याच्या खांद्यांवर हलत होता.

तिसरी घंटा, आणखी एक हकिगत खास तुझ्यासाठी, प्लुटार्कनं लिहिलेली. इ. स. पू. ५३ मध्ये इराणकडच्या पार्थियन फौजांनी रोमन सेनापती क्राससला मारलं. त्याचं मुंडकं घेऊन जासूद अर्मेनियाच्या दरबारात पोचला तेव्हा पार्थियाचा राजा ओरोदेस तिथंच सोयरिकीसाठी आला होता, आणि समोर नेमका 'बाक्खाय'मधला आगावेचा भाग चालू होता. त्राल्लेसचा यासोन नावाचा नट गात होता. जासुदानं मुंडकं मध्ये फेकलं. यासोननं पेन्थेउसचा सोंगाचा सरंजाम कोरसमधल्या एकाच्या हाती दिला, क्राससचं डोकं उचललं आणि आगावेच्या ओळी गाऊ लागला, डोंगरावरून ताजी शिकार घरी आणल्याच्या. राजानं बक्षीस दिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता कामाचं. निवृत्त झाल्यावर मी घरी दोन मुखवटे केले. पहिला जुलैत केला, डोंबिवलीत, त्याला बुरशी आली आणि बायकोनं काठीनं उचलून बाहेर टाकला. दुसरा जमला. कृती अशी:

शाडूचं डोकं कर, तुझ्या डोक्याहून सगळीकडून बोटभर मोठं. त्याला ओला वर्तमानपत्राचा कागद चिकटव, म्हणजे कापड मातीला धरत नाही. जुनं सुती धोतर किंवा चादर फाडून दोन-दोन बोटांच्या पट्ट्या कर. मैद्याच्या खळीत थोडं फेविकॉल आणि चिमूटभर मोरचूद घाल, मोरचूद बुरशीसाठी, नंतर हात नीट धू. पट्ट्या आडव्या-उभ्या आलटून पालटून पाच थर, प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. सुकला की मागून चिरून माती काढ, चीर शिवून टाक. आतून वर्तमानपत्राचा कागद सोलून काढ, वर सुती अस्तर दे, मोरचूद थेट कातडीला लागता कामा नये. वर खडूची पूड आणि डिंकाचा पातळ लेप, मग पोस्टर कलर. माझ्या मुखवट्याचं वजन साडेतीनशे ग्रॅम भरलं. कपाळाशी आणि हनुवटीशी स्पंजचे तुकडे चिकटव, म्हणजे चेहऱ्याला न टेकता डोक्यावर बसेल. धोतर घरचंच, तेव्हा तुझ्या सोळाशेत सातही होतील.

भाव काढायला जाऊ नकोस. ओरडणारा, रडणारा असं काही नको. ओठ जरा विलग, भुवया सरळ. फक्त डायोनिससचा हसरा कर. कोरस त्याला 'हसऱ्या प्रोसोपोननं ये' असं म्हणतोच. पेन्थेउसच्या माणसांना 'बांधा मला' म्हणतानाही तो हसतो आणि पेन्थेउस मेल्यावरही हसतो. त्याला दुसरं येतच नाही, कारण तो चेहरा बदलत नाही. हे उघड्या चेहऱ्यानं करून बघा, बाळूराव.

आणि मुखवटा घातल्यावर नुसते डोळे फिरवून चालत नाही, भोकातून समोरचं तेवढंच दिसतं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे मान वळव, आणि मान वळवायची तर खांदेही वळव. दुसरा बोलत असेल तेव्हा हलू नकोस. जो हलतो तो बोलतोय, असं लांबून वाटतं.

विंगेतला_बाळू

हसऱ्या डायोनिससचा मुद्दा मान्य. बाकीचं बघू.

तिसरी_घंटा

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. गेले बारा दिवस हात खळीत होते.

काका, नरसाळी गेली. दिग्दर्शकांना गेलिउसचं सगळं वाचून दाखवलं, ते दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "दिन-दीनवालं पटलं." डेसिबल दादा, तोंडाचं भोक तुम्ही सांगितलंत तसं मोठं केलं आणि आतून जुन्या बनियनचं अस्तर लावलं. मैत्रीण आता शेवटच्या रांगेत बसते, 'सिंह' ऐकू येतो.

पहिल्या मुखवट्याचं नाक सुकताना वाकडं झालं, तो आता म्हाताऱ्या टायरेसिअसला दिलाय, त्याला शोभतो. डायोनिससला हसरा केला. तो करणाऱ्या मुलाला मुखवटा घातला की बाकीचे जण नकळत दोन पावलं मागे सरकतात, हे त्याला अजून कळलेलं नाही, आम्ही सांगितलंही नाही.

आणि पेन्थेउसही मीच करतेय. जो मुलगा करणार होता तो रुसला, पण निरोप्याचं लांबलचक भाषण मिळाल्यावर खुलला. विंगेत मुखवटा बदलायला मला पहिल्यांदा चाळीस सेकंद लागले, केस अडकले. आता बारा लागतात.

काल पहिल्यांदा सलग तालीम झाली. पेन्थेउस करून आत आले, मुखवटा काढून टेबलावर ठेवला, आगावेचा चढवला. निरोप्या संपला. टेबलावरचा मुखवटा उचलला आणि बाहेर गेले. नाचले, ओरडले, सगळ्यांना शिकार दाखवली. मग कॅडमसनं विचारलं, "मग तुझ्या हातांत चेहरा कुणाचा आहे?" मी तो वर करायला म्हणून हात आत घातला. अस्तर ओलं होतं. माझाच घाम, अजून कोमट.

पुढचं वाक्य आठवेना. प्रॉम्प्टरनं दोनदा दिलं.

काका, उरलेला शाडू परत वापरता येतो का? कोरसचे अजून दोन राहिलेत.

बंदरावरचा

येतो. बादलीत भिजत घाल, वर पाणी राहू दे, दोन दिवसांनी मळ. खडे काढून टाक.